काका, ती एक्सएल-१२ नव्हतीच

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी आमच्या परसात वाऱ्याने पडलेले मॅपलचे खोड मी त्या जुन्या होमलाइट कंपनीच्या चेनसॉने (पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी करवतीने) कापले आणि संध्याकाळी हाताला लागलेले तेल धुताना आपली आठवण झाली. फोनवर आपण आभार मानूच देत नाही, लगेच काकूंच्या हाती फोन देता. म्हणून हे उघड पत्र लिहीत आहे. परदेशातल्या जुन्या घराच्या गोठ्यात अशी एखादी करवत सापडलेल्या मराठी माणसालाही त्याचा उपयोग होईल.

अमेरिकेतल्या व्हर्मॉन्टमधले हे घर घेतले तेव्हा ती करवत कोपऱ्यात पडून होती आणि तिच्या एअर फिल्टरच्या झाकणावर ठळक अक्षरांत ‘एक्सएल-१२’ असे होमलाइटच्या एका मॉडेलचे नाव लिहिले होते. मी तेवढ्यावर विश्वास ठेवला. १९४९ साली आलेल्या मॅककलकच्या ३-२५ या करवतीचे २५ पौंड वजन हलके म्हणून वाखाणले जात असे, आणि साठच्या दशकातली एक्सएल-१२ त्याच्या जवळपास निम्म्या वजनाची, हे वाचून तर मी हरखून गेलो होतो. इंजिनाला दाब नाही असे वाटल्यावर मी पावणेदोन इंच बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) पिस्टन रिंगाही मागवून टाकल्या.

आपण आलात आणि झाकणाकडे पाहिलेसुद्धा नाही. ‘झाकण कुणीही कुणाचेही बसवतो’, असे म्हणून आपण आधी ‘यूटी’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक शोधू लागलात, कारण होमलाइटच्या एकाच नावाच्या करवतींमधले फरक त्या क्रमांकावरून कळतात. आमच्या पट्टीवरचे आकडे पार झिजलेले होते. तेव्हा मी मोठ्या अभिमानाने सांगितले की प्लगच्या भोकातून काडी घालून मी स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली सरकण्याचे अंतर, मोजला आहे, तो १.३७५ इंच भरतो आणि एक्सएल-१२ शी तंतोतंत जुळतो. त्यावर आपण किती हसलात! एक्सएल-१२ आणि तिची मोठी बहीण सुपर एक्सएल या दोघींचा स्ट्रोक एकच आहे. फरक बोअरचा, पहिलीचा १.७५ इंच आणि दुसरीचा १.८१२५, म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटरचा. तेवढ्याने इंजिन ५४ सीसीचे ५८ सीसी होते. शिवाय आमच्या करवतीत साखळीला तेल आपोआप सोडणारा पंप होता, आणि ती सुपर एक्सएलची खूण आहे, हेही आपणच दाखवलेत.

दाबाविषयीची माझी शंका मात्र खरी होती. स्टार्टरची मूठ धरून आपण करवत उचललीत. दाब चांगला असता तर ती अडखळत खाली आली असती, आमची सरळ घसरली. सिलिंडर उतरवून व्हर्नियर लावला तेव्हा बोअर ४६ मिलिमीटर, म्हणजे सुपर एक्सएलचाच, भरला आणि झाकणाचे खोटे उघडे पडले. रिंगा झिजल्या नव्हत्याच, काजळीने खाचेत चिकटून बसल्या होत्या. त्यांना रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून सोडवण्याचा आपला धीर माझ्याजवळ नाही, मी स्क्रू ड्रायव्हर घातला असता.

पुढच्या कामात मला कोल्हापूरच्या उद्यमनगरातले आपले दिवस दिसत होते. फ्लायव्हीलवर हातोडी मारू न देता तो पुलरने काढणे, ठिणगी घडवणारे प्लॅटिनम पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) ०.०१५ इंचाचे अंतर ठेवणे, आणि हे करताना जुन्या बजाज स्कूटरच्या गोष्टी सांगणे! टिलॉटसन कार्ब्युरेटरचा पडदा पापडासारखा कडक झाला होता आणि टाकीतली पेट्रोलची नळी हातात येताच तुटली. पॉइंट साफ झाल्यावर ठिणगी उत्तम मिळत असूनही करवत का धरत नव्हती, ते तिथे कळले. त्या काळच्या साध्या इंजिन ऑइलसाठी कंपनी १६ भाग पेट्रोलला एक भाग तेल सांगत असे. आजच्या टू-स्ट्रोक तेलाला ३२ भाग पुरतात, हे आपण लिटरला ३१ मिलिलिटर असे डब्यावरच लिहून ठेवलेत.

साखळीच्या बाबतीत सलग तीन रिवेटांमधले अंतर मोजून त्याचे निम्मे करायला शिकवलेत. पाऊण इंच आले, म्हणजे पिच (साखळीचे माप) तीन अष्टमांश इंच. ओरेगनच्या जोसेफ कॉक्स यांना १९४६ साली लाकूड पोखरणाऱ्या अळीच्या जबड्यावरून तशा दातांची साखळी सुचली, हेही त्याच वेळी ऐकले.

रंग देण्याचा माझा हट्ट आपण मोडलात, याबद्दल तेव्हा थोडा राग आला होता. आता नाही. आपल्या सूचनेप्रमाणे चेन ब्रेक (करवत उसळल्यास साखळी थांबवणारी कळ) नसलेल्या या करवतीच्या पात्याच्या टोकाने कधीच कापत नाही, आणि पायांवर संरक्षक चॅप्स घातल्याशिवाय तिला हात लावत नाही.

झाकण बदललेले नाही, त्यावर अजूनही ‘एक्सएल-१२’ आहे. मागवलेल्या रिंगा खणात तशाच आहेत. आपल्या ओळखीत कुणाकडे खरीखुरी एक्सएल-१२ निघाली, तर कळवावे, मी पोस्टाने पाठवीन. काकूंना नमस्कार.

आपला ऋणी,
गोठ्यातला विद्यार्थी