प्रॉक्सी आणि बनावट कार्ड यांची गल्लत नको

माननीय संपादक महोदय,

मॅजिक, पोकेमॉन, यु-गि-ओ यांसारख्या, कार्डे जमवून खेळायच्या खेळांत नकली कार्डांचा विषय निघाला, की दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच मापाने मोजल्या जातात. एक म्हणजे प्रॉक्सी, अर्थात खऱ्या कार्डाच्या जागी खेळापुरते वापरलेले आणि आपण पर्यायी आहोत हे उघड दाखवणारे कार्ड. दुसरे म्हणजे खरे म्हणून खपवण्यासाठी छापलेले बनावट कार्ड. पहिल्याला चोरी ठरवणारे आणि दुसऱ्याकडे ‘खेळच तर आहे’ म्हणून काणाडोळा करणारे, असे दोन्ही प्रकारचे खेळाडू मला भेटतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रॉक्सीची गरज खेळाडूंच्या कंजूषपणातून निर्माण झालेली नाही. १९९३ साली मॅजिक बाजारात आला, तेव्हा त्याच्या पहिल्या आवृत्तीत ‘ब्लॅक लोटस’ हे कार्ड सुमारे १,१०० प्रतींत छापले गेले. पुढे जुन्या कार्डांच्या पुनर्मुद्रणावर संग्राहक नाराज झाले, तेव्हा मॅजिक छापणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९६ मध्ये एक राखीव यादी जाहीर करून त्यातील कार्डे पुन्हा न छापण्याचे वचन दिले. संग्राहकांना दिलेला शब्द कंपनीने पाळावा, हे योग्यच आहे. परंतु त्यामुळे ही कार्डे हाताळून खेळण्याची इच्छा असलेल्या सामान्य खेळाडूपुढे प्रॉक्सीखेरीज मार्ग उरत नाही. कंपनीनेही २०१६ मध्ये स्पष्ट केले, की स्वतःच्या खासगी खेळासाठी, विक्रीचा हेतू न ठेवता केलेल्या अशा कार्डांना तिची हरकत नाही. अधिकृत स्पर्धेत मात्र खरेच कार्ड लागते, आणि तेथेही खेळताना एखादे कार्ड खराब झाले तर पंच त्याच्या जागी प्रॉक्सी देऊ शकतात. इतकेच नव्हे, तर २०२२ मध्ये कंपनीने त्याच जुन्या कार्डांच्या प्रतिकृती, चार पाकिटांना ९९९ डॉलर या किमतीने, स्वतः विकल्या. किंमत मला अवाजवी वाटली, पण त्या कार्डांची पाठ मुद्दाम वेगळी ठेवलेली होती आणि ती स्पर्धेत चालणार नाहीत हे आधीच सांगितलेले होते.

माझ्या मते सगळा निवाडा या पाठीवरच होतो. आज ‘उत्तम दर्जाची प्रॉक्सी’ या नावाखाली हुबेहूब मूळ पाठ असलेली कार्डे विकली जातात. निव्वळ खेळायला असे कार्ड लागतच नाही, कारण अपारदर्शक स्लीव्हमध्ये, म्हणजे कार्डाच्या संरक्षक पिशवीत, घातल्यावर पाठ कोणालाही दिसत नाही. मग ती हुबेहूब करण्याचे प्रयोजन काय, हे घेणाऱ्याने स्वतःला विचारावे.

दोन वर्षांपूर्वी अदलाबदलीत मी चार चांगली कार्डे देऊन एक जुने कार्ड घेतले. घरी भिंगाखाली धरले, तेव्हा खऱ्या कार्डावर सलग काळ्या शाईत उमटणारी अक्षरे येथे बारीक रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसली. देणाऱ्यालाही हे ठाऊक नव्हते. त्यालाही ते कोणीतरी असेच दिले होते. बनावट कार्ड प्रामाणिक हातांतूनच पुढे सरकते, आणि शेवटी बहुधा भिंग न बाळगणाऱ्या नवख्या मुलाकडे येऊन थांबते. मला सर्वांत अधिक चीड याचीच आहे.

माझी विनंती एवढीच, की प्रॉक्सी करणाऱ्याने कार्डाच्या दर्शनी बाजूवर तसे ठळक लिहावे, पाठ वेगळी ठेवावी, डाव मांडण्यापूर्वी समोरच्याची संमती घ्यावी आणि ते कार्ड कधीही अदलाबदलीत काढू नये. बनावट कार्ड पदरी पडल्यास आपले नुकसान दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये. माझ्याकडच्या त्या कार्डाच्या दोन्ही बाजूंवर मी न पुसणाऱ्या शाईने ‘बनावट’ असे लिहिले असून, नव्या खेळाडूंना फरक दाखवण्यासाठी ते भिंगासोबत बाळगतो.

आपला विश्वासू,
एक कार्डसंग्राहक