बोटांच्या ठशांवरून मुलांचा स्वभाव सांगणाऱ्यांची आधी परीक्षा घ्या

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शाळांमधून विकल्या जाणाऱ्या ‘डीएमआयटी’ आणि तत्सम स्वभावचाचण्यांची जाहीर पडताळणी करण्याबाबत

महोदय, सादर नमस्कार.

मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. पालक मुलांच्या गुणपत्रिकांसोबत हल्ली आणखी एक जाडजूड फाइल घेऊन येतात. तिच्यावर ‘डीएमआयटी’ असे लिहिलेले असते, म्हणजे डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट. मुलाच्या दहाही बोटांचे ठसे स्कॅनरवर घेतात आणि काही दिवसांनी रंगीत अहवाल देतात. मूल गरुड आहे की मोर, कबूतर आहे की घुबड, डाव्या मेंदूचे की उजव्या मेंदूचे, ऐकून शिकणारे की पाहून, हे सगळे त्यात असते. आठ प्रकारच्या बुद्धिमत्तांची टक्केवारी दशांश चिन्हापर्यंत दिलेली असते, आणि शेवटी कोणत्या शाखेला घालावे याची यादी. यासाठी पालकांनी काही हजार रुपये मोजलेले असतात. बऱ्याचदा चाचणीची ओळख शाळेच्याच पालकसभेत करून दिलेली असते, त्यामुळे शाळेचा तिला पाठिंबा आहे असेच पालक धरून चालतात.

सातवीतल्या एका मुलीचा तबल्याचा क्लास अशा अहवालामुळे बंद झाला. संगीताची बुद्धिमत्ता सगळ्यांत खाली दाखवली होती. मुलीला तबला आवडत होता, गुरुजींची तक्रार नव्हती, आईलाही बंद करायचे नव्हते. पण ‘शास्त्रीय अहवाल’ म्हटल्यावर घरात कोणाचे काही चालले नाही. त्या आईला मी काय सांगायचे? शास्त्रीय नाही, एवढे माझे एकटीचे म्हणणे पुरत नाही. समोर छापील आकडे असतात.

म्हणून हे पत्र लिहिते आहे. बंदी घाला, ही माझी पहिली मागणी नाही. माझी मागणी इतकीच की या पद्धतीचे दावे खरे आहेत की नाहीत हे शासनाने सर्वांसमोर तपासून पाहावे, आणि तो निकाल लागेपर्यंत शाळेच्या आवारात ही विक्री होऊ देऊ नये.

ठशांचे शास्त्र खोटे नाही, हे आधी सांगते. बोटांवरच्या रेषा गर्भावस्थेच्या साधारण दहाव्या ते सोळाव्या आठवड्यांत घडतात आणि जन्मभर तशाच राहतात. या अभ्यासाला ‘डर्मॅटोग्लिफिक्स’ हे नाव हॅरॉल्ड कमिन्स यांनी १९२६ मध्ये दिले. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या हातांवर काही विशिष्ट रचना जास्त प्रमाणात दिसतात, हेही खरे आहे. विक्रेते इथूनच उडी मारतात. त्वचा आणि मेंदू गर्भातल्या एकाच थरापासून तयार होतात, म्हणून बोटावरचे शंख-चक्र पाहून मेंदू वाचता येतो, असे ते सांगतात. त्याच थरापासून केस, नखे आणि दातांवरचे एनॅमलही तयार होते. उद्या कोणी नखांवरून गणिताची गती सांगू लागले तर आपण मुलांची नखे पाठवणार आहोत का? अमुक बोट मेंदूच्या अमुक भागाचे, असा जो तक्ता अहवालात छापतात, त्याला आधार देणारे संशोधन कुठेही नाही.

ठशांच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या फ्रान्सिस गाल्टन यांनी हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच तपासला होता. ठशांवरून माणसाचा वंश आणि स्वभाव कळेल अशी त्यांना मोठी आशा होती. ती फोल ठरली, असे त्यांनी १८९२ च्या आपल्या ग्रंथात स्वतःच लिहून ठेवले आहे. अलीकडे इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनेही डीएमआयटीला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले आहे. बहुविध बुद्धिमत्तेची कल्पना १९८३ मध्ये मांडणाऱ्या हॉवर्ड गार्डनर यांचे नाव या अहवालांत हमखास येते, पण ठशांचा त्यांच्या मांडणीशी काडीचाही संबंध नाही.

तरीही पालक म्हणतात, “मॅडम, पण अगदी तंतोतंत जुळलं हो!” ते खोटे बोलत नाहीत. त्यांना तसे खरोखर वाटते, आणि तसे का वाटते हे मानसशास्त्राला १९४८ पासून ठाऊक आहे. अमेरिकेतल्या बर्ट्राम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे ‘व्यक्तिगत’ वर्णन दिले. विद्यार्थ्यांनी त्या वर्णनाच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच दिले होते, आणि त्यातली वाक्ये पेपरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. ‘आपल्या पाल्यात भरपूर क्षमता आहे, पण ती पूर्ण वापरली जात नाही’ हे वाक्य कोणत्या आईला पटणार नाही? त्यामुळे समाधानी पालकांचे व्हिडिओ, अभिप्रायांच्या वह्या, चमकणारे तारे यांतले काहीही अचूकतेचा पुरावा म्हणून धरता येत नाही.

विक्रेत्यांचा दुसरा मुद्दा असा की आयुष्यात कधीही चाचणी करा, निकाल तोच येतो. येणारच, कारण ठसे बदलत नाहीत. पण निकाल तोच येणे वेगळे आणि तो बरोबर असणे वेगळे. आमच्या विषयात पहिल्याला विश्वसनीयता म्हणतात आणि दुसऱ्याला सप्रमाणता. दुकानातला काटा प्रत्येक पिशवीचे वजन एक किलोच दाखवू लागला तर वैधमापन विभाग त्याला सातत्याबद्दल शाबासकी देणार नाही, तो काटा जप्त करेल. किराणा दुकानातल्या काट्यांची पडताळणी करून त्यांवर शिक्का मारणारी यंत्रणा आपल्या राज्यात आहे. मुलांची बुद्धी मोजल्याचा दावा करणाऱ्या यंत्रासाठी मात्र तशी काहीच व्यवस्था नाही.

माणसांना कप्प्यांत घालणाऱ्या इतर पद्धतींचे दोष वेगळे आहेत. मायर्स-ब्रिग्ज ही सोळा प्रकारांची चाचणी कंपन्यांमधून आता महाविद्यालयांतही पोहोचली आहे. तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर पुष्कळ लोकांचा प्रकार बदलतो. कारण साधे आहे. अंतर्मुख आणि बहिर्मुख या दोन पेट्या नाहीत, ती एकाच पट्टीची दोन टोके आहेत, आणि बहुतेक माणसे मधल्या भागात असतात. तिथेच रेघ मारली की थोड्याशा फरकानेही माणूस रेघेच्या पलीकडे जातो. करिअर मार्गदर्शनासाठी ही चाचणी वापरण्याइतके पुरेसे चांगले संशोधन नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९१ मध्येच काढला होता. स्वभाव मोजताच येत नाही असे मी म्हणत नाही. पट्टीवर मोजणाऱ्या, आपल्या मुलांवर प्रमाणित केलेल्या चांगल्या चाचण्या आहेत. पण त्या वापरणारा कोणीही ‘तू हाच’ असे छातीठोकपणे सांगत नाही. समोर बसलेल्या मुलाशी बोलल्यावाचून तर नाहीच नाही.

आता पडताळणी कशी करायची ते सांगते. त्यासाठी परदेशाकडे पाहायची गरज नाही, आपल्या पुण्यातच तिचा धडा घालून दिलेला आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर, सांख्यिकीचे प्रा. सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. कोणती पत्रिका कोणाची हे कुलुपबंद ठेवले आणि प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका पाठवून त्यातल्या हुशार मुलांच्या कोणत्या ते ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवून ५० टक्के येतात. सर्वांत चांगला निकाल चाळीसपैकी चोवीसचा होता. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका मागवून घेतल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली. या प्रयोगात कोणाचा अपमान केला नाही, कोणावर आरोप केला नाही. दावा करणाऱ्यांना समान संधी दिली आणि जे आकडे आले ते ‘करंट सायन्स’मध्ये छापले. नारळीकर सर आज आपल्यात नाहीत. पण त्यांनी घालून दिलेली ही रीत शासनाने उचलावी, असे मला अगदी मनापासून वाटते.

डीएमआयटीसाठी दोन चाचण्या पुरतील. पहिली पालकांच्या ‘तंतोतंत जुळलं’ची. पालकांच्या लेखी संमतीने शंभर मुलांचे ठसे घ्यावेत आणि विक्रेत्यांना फक्त क्रमांक द्यावेत. नाव, वय, मुलगा की मुलगी, शाळा, यातले काहीही कळू देऊ नये. अहवाल आले की प्रत्येक पालकाला पाच अहवाल द्यावेत, एक त्यांच्या मुलाचा आणि चार दुसऱ्यांचे, आणि आपल्या मुलाचा ओळखायला सांगावे. नुसत्या अंदाजाने शंभरातले वीसेक पालक बरोबर ठरतील. केवळ योगायोगाने तीस किंवा त्याहून अधिक पालक बरोबर ठरण्याची शक्यता शंभरात साधारण एक आहे. तेव्हा तीसची अट आधीच लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. निकालानंतर अटी बदलायला वाव राहता कामा नये.

दुसरी चाचणी नारळीकरांच्या धर्तीवर घ्यावी. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा सलग देणारी पन्नास मुले, आणि त्याच वयाची, संगीताकडे कधीच न वळलेली पन्नास. ठसे मिसळावेत आणि संगीताची बुद्धिमत्ता कोणात जास्त ते विक्रेत्यांनी सांगावे. चित्रकलेसाठी इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी मिळवलेली मुले घेता येतील, खेळासाठी बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीतली. यावर विक्रेते म्हणतील की आम्ही जन्मजात क्षमता सांगतो, कमावलेले कौशल्य नाही. ठीक आहे. मग ती क्षमता मुलाच्या कोणत्या वागण्यात, कोणत्या वयात दिसेल, हे त्यांनी चाचणीआधी लिहून द्यावे. आपण तेच तपासू. ती कुठेच दिसणार नसेल, तर पालक पैसे कशाचे देतात?

हे काम राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने विद्यापीठांच्या मानसशास्त्र आणि सांख्यिकी विभागांना सोबत घेऊन करावे. खर्च फार नाही, एका शैक्षणिक वर्षात निकाल हाती येईल. हस्ताक्षरावरून किंवा जन्मतारखेवरून मुलांचा कल सांगणाऱ्यांनाही याच मांडवात बोलवावे.

यात शासनाने स्वतःलाही सोडू नये. दहावीच्या मुलांची कल चाचणी २०१६ पासून काही वर्षे राज्यभर झाली. लाखो मुलांनी ती दिली. पहिल्या तुकडीतली मुले आज पंचविशीच्या आसपास आहेत. चाचणीने कल दाखवला तिकडे किती जण गेले, गेलेले तिथे टिकले का, न गेलेल्यांचे काय झाले? नावे काढून टाकून, नमुन्यादाखल काही हजार जणांचा जरी मागोवा घेतला तरी पुढची चाचणी कशी असावी हे कळेल. इतकी मोठी माहिती हाताशी असलेली राज्ये फार नसतील. ती कपाटात पडून राहू नये.

एक गोष्ट मात्र निकालासाठी थांबू शकत नाही. शाळांच्या वर्गांत खासगी माणसे लहान मुलांचे दहा-दहा ठसे घेऊन जात आहेत. आधारपासून मोबाइलपर्यंत ज्या ठशांनी माणसाची ओळख पटते, तेच हे ठसे. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बोटे बदलता येत नाहीत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. पालकसभेत फिरवलेल्या कागदावरची सही म्हणजे तशी संमती नव्हे. हे ठसे कोणाच्या संगणकावर आहेत, किती वर्षे राहणार आहेत आणि पुढे कोणाला दिले जातात, हे मी पालकांना विचारते तेव्हा एकालाही सांगता येत नाही.

त्यामुळे शाळेच्या आवारात विद्यार्थ्यांचे ठसे घेण्यास स्थगिती देणारे परिपत्रक येत्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी निघावे, आतापर्यंत कोणत्या शाळांनी अशा चाचण्या घेऊ दिल्या याची माहिती गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत मागवावी, आणि ज्या मुलांचे ठसे घेतले गेले त्यांच्या पालकांना ते पुसून टाकण्याची मागणी कशी करायची हे शाळेने लेखी कळवावे, अशी विनंती करते. पडताळणीसाठी समिती नेमली तर मराठी माध्यमाच्या शाळांतून पालकांची संमती मिळवण्याचे आणि चाचणी त्यांना नीट समजावून सांगण्याचे काम आम्ही समुपदेशक विनामोबदला करू.

आपली विश्वासू,
एक शालेय समुपदेशक