नव्या गाडीचा भाव ठरवण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. पत्र मिळालं, सोबतची कोटेशनची प्रतही. गाडी फार छान निवडलीस. इतकी वर्षं मनात घोळत होती, आता घेतोच आहेस याचा मनापासून आनंद झाला. म्हणूनच ते कोटेशन ओळ न् ओळ वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. ‘आजच टोकन भरलंत तर हा भाव’ असं शोरूमवाल्यांनी सांगितलंय ना? भरू नकोस. आज देता येणारी सूट बहुतेक वेळा पुढच्या आठवड्यातही देता येते, आणि महिनाअखेरीला विक्रीचं टार्गेट डोक्यावर असलं की हात आणखी सैल होतो.

आता कागद समोर घे. सगळ्यात वर गाडीची छापील किंमत. तिच्याखाली नोंदणी आणि कर, विमा, हँडलिंग चार्जेस, अ‍ॅक्सेसरीज किट, कोटिंग, वाढीव वॉरंटी आणि शेवटी नुसतंच ‘इतर’. कोपऱ्यात बॉलपेनने सवलतीचा आकडा लिहून त्याभोवती गोल काढलाय. तुझी नजर त्या गोलावरच गेली असणार, आणि ती तिथेच जावी म्हणून तो काढलेला असतो. पण किटचा आकडा त्या सवलतीपेक्षा मोठा आहे, बघ. वरून दिलेलं खालून परत घेतलंय, थोडं व्याज लावून.

छापील किंमत कंपनी ठरवते आणि त्यात डीलरचा वाटा फारसा मोठा नसतो. त्या ओळीवर तासभर घासाघीस करून हाती थोडंच लागतं. कर आणि नोंदणी तर सरकारजमा होते, तिथे सवलत मागण्यात अर्थ नाही. फक्त पावतीवरची रक्कम आणि कोटेशनवरची रक्कम एकच आहे ना, एवढं बघ. खरी जागा आहे ती मधल्या ओळींत. विमा शोरूममधूनच घ्यायला हवा असं काही नसतं. तेवढंच संरक्षण देणाऱ्या पॉलिसीचे दोन-तीन भाव बाहेरून काढ आणि ते कागद त्यांच्यापुढे ठेव. पण सारख्याला सारखं लाव: गाडीची धरलेली किंमत तीच हवी, झिरो डेप (म्हणजे क्लेममध्ये सुट्या भागांचा घसारा न कापणं) असेल तर दोन्हीकडे हवं. नाहीतर स्वस्त दिसणारा विमा क्लेमच्या वेळी महागात पडतो.

हँडलिंगबद्दल एकच प्रश्न विचार: ‘यात नेमकं काय काम येतं?’ कारखान्यातून गाडी आणणं आणि ताबा देण्याआधी ती जोडून तपासणं, असं उत्तर येईल. मग विचार, हा खर्च छापील किमतीत आधीच धरलाय का? धरला असेल तर एकाच कामाचे पैसे दोनदा कशाला द्यायचे! किट सक्तीचं आहे म्हणाले तर वाद घालू नकोस. ‘तसं लेटरहेडवर लिहून द्या’ एवढंच म्हण. सक्ती बहुधा तिथेच संपते. क्रॅश गार्ड तुला हवाच आहे, तर तेवढाच सुटा घे. आणि ‘इतर’ या ओळीला एक पैसाही देऊ नकोस.

या एकेका ओळीवर भांडत बसलास तर मात्र ते एक कमी करून दुसरं वाढवतील. म्हणून आधी नको त्या ओळी काढून टाकायला लाव, मग एकच आकडा माग: गाडी रस्त्यावर येईपर्यंत माझ्या खिशातून एकूण किती जाणार? त्याच कंपनीच्या आणखी दोन डीलरांकडूनही, त्याच मॉडेलसाठी आणि त्याच रंगासाठी, असाच एक आकडा लेखी घे. मग सर्वांत सोयीच्या डीलरकडे जाऊन त्यातला सर्वांत कमी आकडा दाखव आणि गप्प बस. सेल्समन मॅनेजरच्या केबिनमध्ये जाईल, परत येईल, पुन्हा जाईल. मधल्या वेळात तू काही बोलू नकोस. तू भिडस्त आहेस, समोरचा अवघडला की तूच ‘बरं, राहू दे’ म्हणतोस. भीड भिकेची बहीण, हे त्या खुर्चीत बसल्यावर आठव. आणि ही गाडी तुला किती आवडलीय याबद्दल ताकास तूर लागू देऊ नकोस.

हप्त्याची गोष्ट वेगळी लिहितो, कारण इथे भले भले फसतात. ‘महिन्याला किती जमेल?’ असं विचारतील. उत्तर देऊ नकोस, कारण मुदत वाढवली की कुठलीही किंमत जमणाऱ्या हप्त्यात बसवता येते. आधी एकूण किंमत पक्की कर, कर्जाचं नंतर बोल. व्याजदर सांगितला की तो फ्लॅट (पूर्ण मूळ रकमेवर) की रिड्यूसिंग (फक्त उरलेल्या मुद्दलावर), हे विचारच. तीन वर्षांसाठी १० टक्के फ्लॅट म्हणजे रिड्यूसिंगच्या हिशेबाने जवळपास १८ टक्के होतात. फ्लॅटमध्ये मुद्दल दर महिन्याला फिटत असतं, व्याज मात्र शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लागत राहतं. प्रोसेसिंग फीसुद्धा याच हिशेबात धर.

गाडी कधीची बनलेली आहे तेही बघून घे. चेसिसवरच्या प्लेटवर बहुतेक वेळा महिना आणि वर्ष असतं. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात: २३२५ असेल तर तो टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यातला. डीलर बरेचदा कर्ज काढून माल ठेवतो, त्यामुळे न खपलेला रंग किंवा जुनं मॉडेल त्याला रोज व्याज भरायला लावतं. अशा गाडीवर घसघशीत सूट मागायचा तुला हक्क आहे. पण बॅटरी तपासून घे आणि विकताना वर्ष एकाने जुनं धरलं जाईल हे लक्षात ठेव. उलट, जिच्यासाठी रांग लागलीय तिच्यावर सूट मिळणं कठीण. तिथे नको ते गळ्यात मारू दिलं नाहीस तरी पुष्कळ झालं.

एवढं सगळं लिहिलं म्हणून डीलरला पिळून काढ असं मी म्हणत नाही. त्यालाही दोन पैसे सुटायला हवेत, सर्व्हिसिंगला तू तिथेच जाणार आहेस. गाडीवर त्याने कमवावं, तू न मागितलेल्या गोष्टींवर कमवू नये. मला रास्त वाटतो तो भाव हा. बोलणं गोड ठेव, आकडा हलू देऊ नकोस. जमलं की चेसिस नंबर, रंग, एकूण रक्कम, ताब्याची तारीख आणि सौदा फिसकटला तर टोकन परत, हे सगळं शिक्क्यासह लिहून घे. मगच पैसे भर.

राहिली तुझी जुनी गाडी. एक्सचेंजचं बोलणं नव्या गाडीच्या सौद्यात मिसळू देऊ नकोस, एकीकडची सूट दुसरीकडे कुठे गेली ते कळत नाही. खरं तर ती बाहेर कुठे देऊच नकोस. माझा भाचा कॉलेजला जायला गाडी शोधतोय आणि तू तुझी किती जपलीस ते मला ठाऊक आहे. मेकॅनिककडून किंमत काढून घे, तो सांगेल त्या भावात आम्ही घेतो.

तुझाच,
मित्र