बाबा, बाटली आठ दिवसांत संपत नसते

भांडुप, रविवार रात्र

ती. आई-बाबांना सा. न.

परवा फोनवर बाबा तीन वेळा "काय? काय?" म्हणाले आणि चौथ्या वेळी आईने फोन ओढून घेऊन "ते राहू दे, तू जेवलीस का" सुरू केलं. म्हणून आता लिहूनच पाठवते.

आईच्या मनगटाचं प्लास्टर निघेपर्यंत भांडी बाबा घासणार, हे ऐकून मी आधी पोट धरून हसले. (आई, हे मोठ्याने वाचताना गाळू नकोस.) मग कळलं की भांड्यांच्या लिक्विडची 250 मिलीची बाटली आठ दिवसांत संपली. बाबा, तुम्ही बेस्टमध्ये आयुष्यभर तिकिटं फाडलीत, आठ आण्यांचा फरक आला तरी वेबिल जुळेपर्यंत वडाळा डेपोतून हलला नाहीत. आणि आता दिवसाला तीस मिली लिक्विड मोरीत? माझी 500 मिलीची बाटली दीड महिना पुरते, तीही दोन वेळच्या भांड्यांना.

चूक तुमची नाही, बाटलीच्या तोंडाची आहे. घासणीवर दाबलं की भसकन पडतं, दोन ताटं झाली की घासणी पाण्याखाली जाते आणि होता नव्हता तो फेस वाहून जातो. मग पुन्हा पिचकारी. असं करा, एका वाटीत चहाचा चमचाभर लिक्विड घ्या, त्यावर अर्धी वाटी पाणी, आणि घासणी त्यातच बुडवत राहा. घासताना नळ बंद. आधी पेले, मग ताटं-वाट्या, तेलकट कढई सगळ्यात शेवटी. कढई आधी पेपरच्या तुकड्याने पुसून घ्यायची, कारण लिक्विड संपवतं ते तेलच. दुधाचं पातेलं आणि अंड्याचं भांडं मात्र आधी गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने ते चिकटून बसतं. बांगड्याच्या ताटांचंही तेच. सगळ्या बाटलीत पाणी घालून ठेवायची युक्ती काकूने सांगितली असेल तर ती ऐकू नका. पातळ केलेलं लिक्विड पडून राहिलं की त्याला कुबट वास सुटतो. लागेल तेवढंच वाटीत.

आता भावाचं. बाबांनी विचारलं होतं की स्वस्तातलं कुठलं घेऊ. पाकिटावर एमआरपीजवळ बारीक अक्षरात प्रति मिली (मोठ्या पाउचवर प्रति लिटर) भाव छापलेला असतो, चष्मा लावून तो वाचा. आमच्या वाण्याकडे 500 मिलीची बाटली 110 ला, म्हणजे 22 पैसे मिली. त्याच मालाचा दोन लिटरचा पाउच 360 ला, म्हणजे 18 पैसे. पण मोठं ते स्वस्त असं दर वेळी नसतं. कधी छोट्या बाटलीवर "एकावर एक" असतं आणि मोठा पाउच महाग पडतो, म्हणून आकडा पाहिल्याशिवाय उचलायचं नाही.

मीही एकदा फसलेय, तेही सांगते. आमच्या बिल्डिंगखाली स्कूटरवर एक जण फिनेल आणि लिक्विडचे कॅन घेऊन येतो. पाच लिटर 250 ला! पाच पैसे मिली. मधासारखं दाट, हिरवंगार, लिंबाचा वास खोलीभर. घेतलं. तिसऱ्या ताटाला फेस मेला. मग मी तुमच्यासारखी वही काढली. एका रात्री बाटलीतलं, दुसऱ्या रात्री कॅनमधलं, भांडी साधारण तेवढीच. बाटलीतल्या एका चमच्यात कढईसकट सगळं निघालं, खर्च 1 रुपया 10 पैसे. कॅनमधलं पाच चमचे लागलं, खर्च सव्वा रुपया. वर बोटं चुरचुरायला लागली ती वेगळीच. नंतर कळलं की या लिक्विडमध्ये मीठ घातलं की ते दाट होतं. दाटपणावर जाऊ नये, खरा माल असतो तो मळ सोडवणारा भाग, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

फेसावरही जाऊ नका. इथे तानसा-वैतरणाचं पाणी असतं तोवर चमचाभर पुरतं. मे महिन्यात आमच्याकडे टँकर आला, बोअरचं क्षारांचं जड पाणी, तेव्हा त्याच चमच्याला फेस नावालाच यायचा. आपल्या चिपळूणच्या विहिरीचं पाणी हलकं आहे, तुम्हाला कमीच लागेल.

आई, तुझं म्हणणं मला ठाऊक आहे. भांड्यांच्या साबणाची वडी सगळ्यात स्वस्त, आणि त्याआधी तर चुलीतली राख आणि नारळाचं सोडण फुकट होतं. राखेने तेल निघतं हे खरंच, त्यातला क्षार तेलाचा साबण करतो. पण तुझ्या बोटांच्या भेगा मी लहानपणापासून बघतेय. पावसाळ्यात त्यात हळद भरून तू भाकऱ्या थापायचीस. वडी ओल्या डबीत विरघळून अर्धी मोरीतच जाते, शिवाय तिच्यातली पूड त्या नॉनस्टिक तव्यावर ओरखडे काढते, जो मी दिवाळीला दिला आणि तू अजून "पाहुण्यांसाठी" ठेवलायस. पितळेच्या समईला आणि तांब्याच्या घागरीला मात्र तुझी चिंच आणि मीठच. तिथे लिक्विडचं काही चालत नाही. अॅल्युमिनियमच्या टोपाला सोडा लावू नका, काळा पडतो.

प्लास्टर निघालं तरी लगेच मोरीपाशी बसू नकोस. बाबांचा हात बसलाय, बसू दे.

मंगळवारी मामाचा बंड्या तुतारी एक्सप्रेसने येतोय. त्याच्याकडे दोन लिटरचा पाउच, दाबायच्या पंपाची रिकामी बाटली (दोन दाबांत चमचाभर येतं, मी मोजलंय) आणि रबरी हातमोज्यांचे दोन जोड देते. मोठा जोड बाबांचा. पाउच वाटेत फुटेल म्हणून स्टीलच्या डब्यात घातलाय. डबा त्याच्याच हाती परत धाडा, तो माझ्या सासूबाईंचा आहे आणि त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तुमची,
बाय

ता.क. बाबा, पाउच कधी फोडला ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.