विचारांच्या देवाणघेवाणीला हक्काची जागा हवी : ग्रंथालयाच्या खुल्या अभ्यासकक्षासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या संदर्भ विभागाला लागून एक खुला अभ्यासकक्ष उभारण्याचे कार्यकारी मंडळाने ठरवले आहे. निरनिराळ्या विषयांची नियतकालिके, अहवाल आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिका तेथे एकत्र मिळतील, नमुने जुळवून पाहण्यासाठी मोठे टेबल व थोडी हत्यारे असतील, आणि एका कामातल्या माणसांना दुसऱ्या कामातल्या माणसांशी निवांत बोलता येईल. त्यासाठी आपली देणगी, आपल्याकडचे जुने अंक आणि आपला थोडा वेळ आम्ही मागत आहोत. आहे तोच पैसा नव्या पुस्तकांवर का खर्च करू नये, असे काही सभासदांनी विचारले. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

30 मे 1899 रोजी सायकलींचा व्यवसाय करणाऱ्या विल्बर राइट यांनी अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणाविषयी संस्थेने छापलेले निबंध आणि इतर पुस्तकांची यादी मागितली. आपण उत्साही असलो तरी विक्षिप्त नाही, हेही त्यांनी पत्रात आवर्जून लिहिले होते. संस्थेने पुस्तिका व यादी धाडली. त्यामुळे ग्लायडरच्या अपघातात 1896 मध्ये प्राण गमावलेल्या ऑटो लिलिएंथाल यांचे काम विल्बर व त्यांचे धाकटे भाऊ ऑर्व्हिल यांच्या अभ्यासात आले आणि पुढे अभियंता ऑक्टेव्ह शानूट यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. छापील कोष्टकांवरून केलेल्या हिशेबाप्रमाणे पंखांना उचल मिळेना, तेव्हा 1901 मध्ये त्यांनी स्वतः छोटा वातबोगदा, म्हणजे आतून वारा सोडून पंखांचे नमुने तपासण्याची नळी, तयार करून पंखांचे आकार एकेक करून तपासले. ते आकडे छापलेले होते म्हणूनच पडताळता आले, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. 17 डिसेंबर 1903 रोजी त्यांचे विमान पहिल्या खेपेला 12 सेकंद हवेत राहिले. त्याचे पंखे सायकलीसारख्याच साखळीने आणि दातेरी चाकांनी फिरत होते, आणि इंजिन त्यांच्या दुकानातील कारागीर चार्ल्स टेलर यांनी घडवले होते. यातली बहुतेक सामग्री आधीपासून जगात होती, पण ती एका टेबलावर आलेली नव्हती.

माहिती ज्याच्याकडे असते आणि ज्याला तिची निकड असते, ती दोन माणसे बहुधा वेगळी असतात आणि बऱ्याचदा एकमेकांना ओळखतही नाहीत. साखरेच्या एका रूपाबरोबर, म्हणजे ग्लुकोजबरोबर, आतड्यात सोडियम शोषले जाते, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडली तेव्हा ते पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, उपाय शोधत नव्हते. पुढे त्याच दशकात ढाका व कोलकाता येथील डॉक्टरांनी रुग्णांना मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पाजून त्याचा उपयोग सिद्ध केला. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महलनबीस यांनी हे मिश्रण पिंपांत कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आले. प्रयोगशाळेतला निष्कर्ष, दवाखान्यातला अनुभव आणि नातेवाइकांचे हात यांपैकी एक जरी दूर राहिले असते, तरी हे घडले नसते.

याच्या उलट इंग्लंडमधील चेंबरलेन या शल्यवैद्यांच्या घराण्याची गोष्ट आहे. अडलेल्या बाळंतिणीची सुटका करणारा चिमटा त्यांनी सतराव्या शतकात वापरात आणला आणि शंभराहून अधिक वर्षे घरातच दडवून ठेवला. तो मोठ्या पेटीत घालून आणत आणि बाळंतिणीचे डोळे बांधत, असे सांगतात. 1730 च्या दशकात इतरांनी अशा चिमट्यांची वर्णने छापली तेव्हा कोठे ही विद्या सर्वांसाठी खुली झाली. मूळ चिमटे 1813 मध्ये त्या घराण्याच्या जुन्या वास्तूत जमिनीच्या फळ्यांखाली सापडले. त्या शंभर वर्षांत किती माता आणि बालके हकनाक गेली असतील, याचा विचार मन अस्वस्थ करतो. कष्टाने मिळवलेल्या ज्ञानाचा मोबदला मिळायलाच हवा, आणि कोणाच्या व्यवसायाचे गुपित आम्ही मागतही नाही. पण जे सांगता येण्याजोगे आहे, तेही केवळ विचारणारा भेटला नाही म्हणून माणसाबरोबर संपते, आणि ही हानी टाळणे आपल्या हातात आहे.

म्हणून कक्षात एक अनुभव नोंदवही ठेवली जाईल. आपल्या कामात काय साधले ते तिच्यात लिहावेच, पण काय फसले आणि आपल्या मते का फसले, हे विशेष करून लिहावे, कारण फसलेला प्रयोग कोणी सांगत नाही आणि पुढचा माणूस त्याच खड्ड्यात पडतो. परिचारिका, शिक्षक, शेतकरी, सुतार, प्रोग्रामर, निवृत्त यंत्रकारागीर अशा सर्वांनी महिन्यातून एखादी संध्याकाळ द्यावी आणि आपल्या विषयाबाहेरच्या माणसाला समजेल अशा भाषेत बोलावे, ही विनंती आहे. विद्यार्थ्यांना कक्ष विनामूल्य खुला राहील आणि त्यांनी विचारलेला कोणताही प्रश्न किरकोळ मानला जाणार नाही.

निधी मुख्यतः टेबले, कपाटे, प्रकाशयोजना, जुन्या अंकांची बांधणी आणि दुर्मीळ कागदपत्रांचे स्कॅनिंग यांवर खर्च होईल. तांत्रिक नियतकालिकांचे सुटे अंक, वापरात नसलेली पण चालू स्थितीतील हत्यारे व मोजमापाची उपकरणे वस्तुरूपाने स्वीकारली जातील. फाटलेली क्रमिक पुस्तके मात्र कृपया पाठवू नयेत. देणगी रोख किंवा धनादेशाने ग्रंथालयाच्या कार्यालयात द्यावी व पावती अवश्य घ्यावी. जमाखर्च दर महिन्याला सूचना फलकावर लावला जाईल. वेळ देऊ इच्छिणाऱ्यांनी आपले नाव, विषय आणि सोयीचा वार ग्रंथपालांकडे नोंदवावा.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ, सार्वजनिक ग्रंथालय