‘हात लावू का?’ असे विचारणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपले नाव मला ठाऊक नाही. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी, मुंबई मॅरेथॉनच्या दिवशी, मरीन ड्राइव्हवर धावणाऱ्यांनी टाकलेल्या रिकाम्या बाटल्या आपण पोत्यात भरत होता. पिवळी झूल पांघरलेला, कागदी शिंगे लावलेला एक ‘बैल’ भर रस्त्यात एकटाच उभा असलेला आपल्याला दिसला आणि हातातला झाडू बाजूला ठेवून आपण त्याच्याकडे गेलात. तो बैल म्हणजे माझी मैत्रीण, आणि जोडीतला हरवलेला दुसरा बैल म्हणजे मी. त्या गडबडीत आपले नाव विचारायचे राहून गेले, ही रुखरुख अजून जात नाही. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे; आपल्या ओळखीच्या कोणाच्या तरी वाचनात ते येईल आणि ती व्यक्ती ते आपल्यापर्यंत पोहोचवील, अशी आशा आहे.

आम्ही दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. तिची दृष्टी बाराव्या वर्षी पूर्ण गेली. त्याआधी डोळ्यांनी पाहिलेल्या ज्या गोष्टी तिने जपून ठेवल्या आहेत, त्यांत पोळ्याचे बैल सर्वांत वरचे. आदल्या संध्याकाळी हळद आणि तूप लावून होणारी खांदेमळण, शिंगांना लावलेले बेगड, पितळी शेंब्या, झुलीवरचे आरसे, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे बैलाच्या कानात सांगणारे तिचे आजोबा, हे सारे ती आजही रंगांसकट सांगते. त्यामुळे 5.9 किलोमीटरच्या ‘ड्रीम रन’मध्ये सोंग घेऊन धावायचे ठरले, तेव्हा कोणते सोंग हा प्रश्नच उरला नाही. दिव्यांगांसाठी तेथे वेगळी धाव असते, हे तिला माहीत होते. परंतु तिला ढोल-ताशांत, फेटेवाल्यांत, नऊवारी नेसून धावणाऱ्या बायकांत, सर्वांबरोबर धावायचे होते. या धावेत कोणाची वेळ मोजली जात नाही, त्यामुळे घाई कसलीच नव्हती.

बैलजोडीचे सोंग तिने निवडले, त्यामागे आणखी एक कारण होते. न दिसणारा धावपटू आणि त्याचा सोबती एका आखूड दोरीने जोडलेले असतात. दोरीची एक कडी त्याच्या हातात, दुसरी सोबत्याच्या. सोबत्याने ओढायचे नसते, पुढे जायचे नसते, फक्त बरोबरीने राहून ‘तीन पावलांवर उंचवटा’, ‘आता डावीकडे वळण’ असे सांगत राहायचे असते. बैलजोडीत ही दोरी कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही, तिला लाल-पिवळे गोंडे लावले की ती साजातलीच एक वस्तू होईल, ही तिची कल्पना. जुंपताना जशी प्रत्येक बैलाची बाजू ठरलेली असते, तशी आमचीही ठरलेली आहे: ती डावीकडे, मी उजवीकडे. माझ्या गळ्यात घुंगुरमाळ होती. ती शोभेसाठी नव्हती. मी कोठे आहे हे तिला त्या आवाजावरून कळत असे.

आपण काय केलेत याचे मोल कळावे, म्हणून त्याआधी काय काय घडले होते तेही सांगितले पाहिजे. गेल्या वर्षी दुसऱ्या एका शहरातल्या धावेत एका स्वयंसेवकाने, एक शब्दही न बोलता, तिचे कोपर धरून तिला पदपथावर नेऊन उभे केले आणि माझ्याकडे वळून विचारले, “यांना एवढ्या गर्दीत आणायचेच कशाला?” या वर्षी पोशाख भाड्याने मिळतो का हे पाहायला गेलो, तर दुकानदार तिच्यादेखत मला म्हणाला की त्यांना तर दिसणारच नाही, मग एवढा भारी पोशाख कशाला घेता. ती काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर एवढेच म्हणाली, “मला दिसत नाही, ऐकू येते.” मग झुली आम्ही घरीच शिवल्या. तिच्या आईच्या जुन्या नऊवारीचे काठ लावले, प्रत्येक आरसा तिने बोटांनी चाचपून जागेवर बसवला आणि शिंगे कागदाच्या लगद्याची केली. त्या दोघांवर माझा राग आहे आणि तो लपवावा असे मला वाटत नाही. ते दुष्ट होते असे मी म्हणत नाही. पण समोर उभ्या असलेल्या माणसाशी बोलायचे सोडून त्याच्याविषयी दुसऱ्याशी बोलणे हा अपमान आहे, आणि तो तिच्या वाट्याला रोज येतो. ‘यांना पाणी हवे का’, ‘यांना जिना चढता येईल का’, असे सगळे मलाच विचारतात.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरून निघालो तेव्हा सारे उत्तम चालले होते. लोक ‘सर्जा-राजा’ म्हणून हाका मारत होते, आणि ती प्रत्येक हाकेला मान हलवून शिंगे डोलवत होती. मरीन ड्राइव्हवर एका ढोल-ताशा पथकाजवळ पोहोचलो, तेव्हा फोटो काढणाऱ्या पाच-सहा जणांचा घोळका आमच्या दोघींच्या मधूनच घुसला. दोरीची शिवलेली कडी उसवली. मागच्या लोंढ्याने मला पुढे ढकलले. मी ओरडत होते, घुंगुरमाळ हलवत होते, पण त्या ढोलांपुढे ते सारे व्यर्थ होते. जिला आवाजानेच दिशा कळते, तिच्यासाठी तो आवाज म्हणजे काळोख होता. प्रवाहाच्या उलट वाट काढत तिच्यापर्यंत परत यायला मला दोन-तीन मिनिटे लागली असतील. आयुष्यात तेवढी लांब मिनिटे मी दुसरी अनुभवली नाहीत.

त्या वेळात आपण काय केलेत, ते तिने मला परतीच्या गाडीत सांगितले आणि त्यानंतर कितीतरी जणांना सांगितले आहे. तिच्याजवळ येऊन, तिला ऐकू जाईल एवढ्या जवळून, पण अंगाला न भिडता, आपण म्हणालात, “बाई, मी हितं झाडणारी हाय. तुमच्या उजव्या अंगाला उभी हाय. हात लावू का?” आणि मग आपण थांबलात. ती ‘हो’ म्हणेपर्यंत थांबलात. तिने हात पुढे केल्यावरही आपण तिचे कोपर धरले नाही, आपला हात तिच्या हाताखाली दिला, म्हणजे धरणारी ती झाली. समुद्र कोणत्या हाताला आहे, ढोल कोणत्या बाजूला आहेत, कडेचा दुभाजक किती पावलांवर आहे, हे आपण तिला सांगितलेत आणि मग तिलाच विचारलेत, “इथंच थांबायचं का कडंला जायचं?”

मी धापा टाकत पोहोचले, तेव्हाही आपण माझ्याकडे वळून तिची तक्रार केली नाहीत की मला दटावले नाहीत. तिलाच म्हणालात, “आली बघा तुमची जोडीदारीण.” नंतर पोत्याचे तोंड बांधायची सुतळी काढून आपण ती दुहेरी केलीत. माझ्या मनगटाला निरगाठ मारलीत आणि तिच्या मनगटाशी येऊन थबकलात. “तुम्हांला सुरगाठ मारते,” आपण म्हणालात, “म्हंजे कधी सोडावी वाटली तर तुमची तुम्हांला सोडता येईल.”

ताई, त्या एका वाक्यापाशी मी अजून थांबलेली आहे. इतकी वर्षे मी तिच्याबरोबर धावते, तिच्याविषयी मला काळजी आहे, जिव्हाळा आहे, तरी दोरी सोडायची मुभा तिच्या हातात असावी, हे मला कधी सुचले नव्हते. आम्ही शिवलेल्या दोरीच्या दोन्ही कड्या मीच घट्ट करून देत असे.

माणुसकीविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, भाषणे होतात, फलक लागतात; त्या सकाळीही रस्त्यावर सहृदयतेच्या घोषणा लिहिलेले फलक शेकड्यांनी होते, आणि ते धरणाऱ्यांच्या हेतूविषयी मला आदरच आहे. पण दुसऱ्याच्या अंगाला हात लावण्याआधी त्याला विचारावे, आणि विचारल्यावर उत्तराची वाट पाहावी, हे ज्याला कोणी न शिकवता समजते, त्याच्यापाशी काहीतरी फार मोठे असते. आपले काम पहाटेच सुरू झाले असेल. आमचा आनंद संपल्यावर उरलेला कचरा आपण उचलत होता. तरीही अनोळखी बाईसाठी आपल्यापाशी घाई नव्हती आणि उपकाराचा सूरही नव्हता.

पुढचे अंतर आम्ही आपल्या सुतळीने बांधलेल्या अवस्थेतच धावलो. मेट्रो सिनेमापाशी धाव संपली, तेव्हा तिची शिंगे एका बाजूला कलली होती आणि ती हसत होती. घरी आल्यावर तिने सुरगाठ सोडली नाही. हात आकसून कडी तशीच्या तशी मनगटातून काढून घेतली. ती सुतळी आता तिच्या दाराच्या खुंटीला आहे. जाता-येता ती तिला हात लावते, आणि कोणी विचारले तर ‘ताईंनी बांधलेली’ एवढेच सांगते.

पुढच्या जानेवारीत आम्ही पुन्हा येणार आहोत, याच सोंगात आणि याच सुतळीने. त्याआधी पोळा येईल. तिच्या घरी त्या दिवशी पुरणपोळी असते. तिने आपल्यासाठी निरोप दिला आहे आणि तो तिच्याच शब्दांत लिहावा असे बजावले आहे: “ताई, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.”

आपली कृतज्ञ,
उजव्या बाजूने धावणारी