मेंदूतला ‘गोंद’ आणि कापलेले २,९१,००० रुपये

प्रति,
व्यवस्थापक, दावे विभाग

विषय : पत्नीच्या एम्बोलायझेशनच्या (डोक्यातली सदोष रक्तवाट आतून बुजवण्याच्या उपचाराच्या) बिलातून कापलेली रक्कम

आत्ता दुपारी पावणेचारला तुमच्या कस्टमर केअरचा सातवा फोन ठेवला आणि लिहायला बसलो. स.न.वि.वि. गाळलं आहे, चालवून घ्या.

आजार काय होता ते तुमच्या फायलीत आहे. पण शेरा मारणाऱ्यानं ती उघडलेली दिसत नाही, म्हणून पुन्हा. ड्युरल एव्ही फिस्टुला. मेंदूच्या बाहेरच्या जाड आवरणातल्या धमनीचं रक्त केशवाहिन्यांतून न जाता थेट शिरेत घुसत होतं. चार महिने तिला उजव्या कानात नाडीच्या ठोक्याबरोबर घूं-घूं ऐकू यायचं, कानामागे बोट दाबून ती झोपायची. आम्ही कानात थेंब घालत बसलो. शेवटी न्यूरोच्या डॉक्टरांनी तिथे स्टेथोस्कोप टेकवून नळ्या माझ्या कानात दिल्या, तेव्हा मलाही तो आवाज ऐकू आला. डीएसए (रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून काढलेले एक्स-रे) केल्यावर कळलं की रक्त उलटं मेंदूच्या पृष्ठभागावरच्या शिरांत चढतंय. अशा शिरा फुटतात. थांबायला वेळ नव्हता.

तुमचा पहिला आक्षेप : ‘आजार जन्मजात, माहिती लपवली.’ मोठ्या माणसांतला हा फिस्टुला बहुतेक वेळा नंतर झालेला असतो. तुमच्या डॉक्टरांचा एव्हीएमशी, म्हणजे जन्मजात मानल्या जाणाऱ्या धमन्या-शिरांच्या गुंत्याशी, घोळ झालेला दिसतो. आणि पॉलिसी नऊ वर्षं सलग चालू आहे. ६० महिने हप्ते भरल्यावर, फसवणूक सिद्ध केल्याशिवाय, लपवाछपवीचं कारण काढता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायचं? तो आक्षेप तुम्ही गुपचूप मागे घेतलात. सॉरी वगैरे नाही, अर्थात.

मग आला गोंद. आजचा संवाद शब्दशः देतो, तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच, ‘प्रशिक्षणासाठी’ करता ना.

“मॅडम, २ लाख ९१ हजार कशाचे कापलेत?”

“सर, कन्झ्युमेबल्स. नॉन-पेएबल आहेत.”

“कोणती?”

कीबोर्डची टकटक. “ग्लू, सर.”

(चूक माझीच. मागच्या फोनवर सोपं करून सांगताना ‘ग्लूसारखं औषध’ म्हणालो होतो. बिलात स्वच्छ ‘लिक्विड एम्बोलिक’, म्हणजे रक्तवाहिनी बुजवणारं द्रव औषध, लिहिलंय.)

“मॅडम, तो तिच्या डोक्यात आहे.”

“हो सर, म्हणजे वापरला गेला ना. वापरून संपतं ते कन्झ्युमेबल.”

“संपलेला नाही. तिथेच आहे. जन्मभर तिथेच राहणार.”

“मग सर, उरलेला असेल तर हॉस्पिटलला रिटर्न करून क्रेडिट नोट घ्या.”

मी गप्प. “सर, आपण लाइनवर आहात का?”

हो, होतो. त्या मुलीवर राग नाही, तिच्यासमोर जी यादी ठेवलीय ती तुमची. हातमोजे, कापूस, डायपर यांच्या रांगेत तुम्ही जे बसवलंत ते इथिलीन व्हिनाइल अल्कोहोलचं द्रावण आहे. दीड मिलीच्या कुप्या, तिला तीन लागल्या. वापरण्याआधी प्रत्येक कुपी यंत्रावर वीस मिनिटं हलवावी लागते, नाहीतर त्यातली टँटलम धातूची पूड खाली बसते आणि औषध कुठे पोचलं ते एक्स-रेत दिसत नाही. जांघेतून घातलेली बारीक नळी डोक्यापर्यंत नेऊन ते थेंबाथेंबानं सोडतात. उपचार म्हणजे हेच औषध. ते वगळलं तर उरतं काय? जांघेतली टोचणी आणि खोलीभाडं. ते मात्र तुम्ही दिलंत, उदार आहात.

ते ज्या द्रावकात असतं, त्यामुळे दोन दिवस श्वासाला लसणाचा वास येतो. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारी माझी बायको शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाली असेल? “मला काय खायला घातलंत?” कानातली घूं-घूं मात्र बंद झाली होती. ती उशीवर उजवा कान टेकून झोपली.

डिस्चार्जच्या दिवशीचंही राहू देत नाही. अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, उशीर झाल्यास वाढीव खर्च विमा कंपनीचा, असा आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा, २०२४ पासूनचा नियम आहे. तुम्ही अकरा तास लावलेत. रात्रीचं खोलीभाडं मी भरलं. तेही हवंय.

तर, २ लाख ९१ हजार अधिक ते खोलीभाडं. हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवस मोजतोय. त्यानंतर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन. तिथे वकील लागत नाही, फीही नाही, आणि मी निवृत्त आहे, वेळच वेळ आहे. मुलांच्या लग्नानंतर त्यांच्याही पॉलिस्या तुमच्याकडेच काढल्या होत्या, मीच आग्रह करून. आता ते माझ्याकडे बघून हसतात.

फोन ठेवल्यावर तुमचा मेसेज आला : आजच्या सेवेला पाचपैकी किती तारे? उत्तर म्हणून हेच पत्र धरा.

आपला,
नऊ वर्षांचा पॉलिसीधारक

सोबत : बिलाची प्रत, डिस्चार्ज कार्ड, डीएसएची सीडी. सीडीत कानामागे जे काळं दिसतंय, ते तुमचं कन्झ्युमेबल.